केळुसकरकाकांची पाठ

इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या आमच्या मराठी मंडळाचे गेल्या अकरा वर्षांतले सगळे ग्रुप फोटो माझ्याकडे आहेत. गणपती, दिवाळी, संक्रांत, उन्हाळी सहल, काही सुटलेलं नाही. या अकरा वर्षांत माणसं बदलली, पोरं बापांपेक्षा उंच झाली, बऱ्याच जणांचे केस गेले आणि काहींचे परत आले. मात्र मागच्या रांगेत उजवीकडून तिसरा माणूस अजून तोच आहे आणि प्रत्येक फोटोत त्याची पाठच दिसते.

मंडळात नवीन आलेलं कोणीतरी हमखास विचारतं, की हे गृहस्थ रागावलेत का. आम्ही सांगतो, छे, ते केळुसकरकाका. फोटोत ते असेच येतात. त्यांना स्वतःला विचारलंत तर ते अत्यंत गंभीरपणे सांगतील, "कर्णा कॅमेऱ्याकडे बघत नाही."

आता कर्णा म्हणजे कोण, हे सांगायला हवं. कर्णा हा आपल्या सह्याद्रीतल्या दाट जंगलातला पक्षी. साळुंकीपेक्षा जरा मोठा, शेपूट लांब आणि टोकाला कापल्यासारखी सरळ. नराचं डोकं काळं, गळ्याखाली पांढरी रेघ, आणि त्या रेघेच्या खाली जी छाती सुरू होते ती थेट कुंकवाच्या रंगाची. असा रंग घेऊन जन्माला आलेला प्राणी दिवसभर काय करतो? तर एका फांदीवर ताठ बसून राहतो आणि कोणी बघतंय असं वाटलं की शांतपणे पाठ फिरवतो. पाठ मातकट तपकिरी. ती झाडांत अशी मिसळते, की समोर बसलेला कर्णा दिसेनासा होतो. हे सगळं मला रीडिंगला लागून असलेल्या लोअर अर्लीतल्या आमच्या गल्लीत, शेजारच्या कुंपणावरून कळलं. त्याआधी मी पुण्याची होते आणि मला कावळा, चिमणी आणि पोपट येत होते.

आम्ही या घरात राहायला आलो तेव्हा पेढे घेऊन शेजारी ओळख करून घ्यायला गेलो. दार काकांनी उघडलं, "या" म्हणाले आणि त्याच पावली वळून आत चालायला लागले. आम्ही त्यांच्या पाठीमागून स्वयंपाकघरात गेलो. तिथे त्यांनी आमच्याकडे पाठ करून चहा टाकला, पाठ करूनच आमचं गाव, शिक्षण आणि नोकरी विचारून घेतली, आणि मग मान न वळवता माझ्या नवऱ्याला म्हणाले, की तुमच्या शर्टाची वरून दुसरी गुंडी चुकीच्या काजात गेलीय. नवरा चरकला. मी इकडेतिकडे पाहिलं, तर सिंकच्या वर, खिडकीच्या कडेला, एक दाढीचा आरसा खिळ्याला टांगलेला होता आणि त्यात काकांचे दोन डोळे आमच्याकडे बघत होते. केळुसकरकाकांचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला तो असा.

मीनाकाकू त्यांच्या पत्नी. त्या चहात साखर घालत अगदी सहज म्हणाल्या, "मला बघायला आले तेव्हासुद्धा हे खिडकीकडे तोंड करून बसले होते. माझ्या वडिलांना वाटलं मुलाला मुलगी नापसंत. पत्र आलं तेव्हा होकार."

त्या आरशाची गोष्ट काकांनी मला नंतर पन्नासदा तरी सांगितली असेल. काका मूळचे आंबोलीचे, वडील जंगल खात्यात. वडिलांबरोबर हिंडताना बारा वर्षांच्या काकांना कर्ण्याचा आवाज रोज ऐकू यायचा, पक्षीही दिसायचा, पण पाठमोरा. सलग तीन उन्हाळे त्यांनी नुसती पाठ पाहिली. शेवटी ते रडकुंडीला आले तेव्हा वडिलांनी दाढीचा आरसा खिशात टाकला, मुलाला झाडाखाली नेलं, पक्ष्याकडे पाठ करून बसवलं आणि आरसा हातात दिला. म्हणाले, बघू नको, दिसेल. बराच वेळ काही झालं नाही. मग मागच्या फांदीवर कर्णा सावकाश वळला आणि आरशाभर लाल रंग आला. हे सांगताना काकांचा आवाज आजही हलका होतो, आणि अर्थातच ते कुंपणाच्या दुसऱ्या बाजूला तोंड करतात.

"बघू नका, दिसेल" हे तेव्हापासून त्यांचं सगळ्यावरचं औषध झालं. चावी हरवली, पोराला जीसीएसईत, म्हणजे इथल्या दहावीत, गणित जमेना, काउन्सिलचं पत्र येईना, सगळ्यांना सल्ला एकच. गंमत म्हणजे चावी खरंच सापडते.

इथल्या पक्ष्यांबद्दल त्यांचं मत बरं नाही. घारींना ते मान देतात. आमच्या गल्लीवर तांबड्या घारी दिवसभर घिरट्या घालत असतात, त्यांना काका "मंडळी कामात आहेत" म्हणतात. त्यांचं खरं वैर आहे रॉबिनशी. आता रॉबिन म्हणजे या देशाचा लाडका पक्षी. एवढासा जीव, छातीवर नारिंगी तांबडा ठसा, आणि बागेत कोणी खणायला घेतलं की थेट समोर येऊन उभा राहतो. काकांना हे बिलकुल पटत नाही. "छाती ही काय लोकांना दाखवत फिरायची वस्तू आहे?" असं ते मला एकदा फार कळवळून म्हणाले. डिसेंबरात त्यांच्या शेल्फवर ख्रिसमसची कार्डं लागतात. त्यातली रॉबिनची कार्डं काका भिंतीकडे तोंड करून ठेवतात.

शनिवारी सकाळी ते तळ्यांवर जातात. आमच्याकडे जुन्या खडीच्या खाणींची तळी झालीत आणि तिथे पक्षी बघायला लाकडी खोपटी बांधली आहेत. निवृत्त इंग्रज मंडळी दुर्बिणी लावून फटींतून बाहेर बघत बसतात. काका फटीकडे पाठ करून बसतात आणि खिशातल्या आरशातून बघतात. पहिल्यांदा त्या लोकांना वाटलं असेल, की हे गृहस्थ आपल्यावर नजर ठेवून आहेत. आता ते त्यांच्यासाठी कोपऱ्यातली जागा राखून ठेवतात. त्यातला एक जण घरून स्वतःचा आरसा आणतो असंही मी ऐकलंय.

दर दिवाळीला मंडळाच्या कार्यक्रमात काकांचं भाषण असतं. विषय, "कर्णा : एक परिचय." अकरा वर्षं परिचयच चाललाय. आमचे सेक्रेटरी पाटणकर त्यांना जेवणाच्या अगोदरची दहा मिनिटं देतात, कारण त्या वेळी कोणी हॉल सोडून जाऊ शकत नाही. पडद्यावर एकच फोटो असतो. फांदी आणि तिच्यावर तपकिरी पाठ. मग काका आमच्याकडे पाठ करून, पडद्याशी बोलल्यासारखे बोलतात. कर्ण्याच्या पायाची पहिली आणि दुसरी अशी दोन बोटं मागे वळलेली असतात, अशी ठेवण या खानदानाखेरीज कोणाकडे नाही. त्याची कातडी इतकी नाजूक, की नुसता धक्का लागला तरी पिसं गळतात. नर आणि मादी मिळून कुजक्या खोडात घर कोरतात, महिना लागला तरी घाई करत नाहीत. अंडी दोनच घालतात आणि आळीपाळीने उबवतात. आणि शेवटचं वाक्य ठरलेलं, "पिल्लं उडायला लागली तरी आईबाप त्यांना महिनोन् महिने भरवत राहतात. हे फार थोडे पक्षी करतात." इथे ते थांबतात. आम्हाला वाटतं भाषण संपलं म्हणून थांबले, आणि आम्ही टाळ्या वाजवून वड्यांकडे धावतो.

मागच्या वर्षी काकांना पंचाहत्तर पूर्ण झाली तेव्हा मंडळाने त्यांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, मानपत्र. पाटणकरांनी स्वतः मानपत्र लिहिलं होतं, आणि बरं लिहिलं होतं. त्यात कडाक्याच्या थंडीत नव्या आलेल्या पोरांना स्टेशनवरून घरी आणणारे काका होते, बॉयलर दुरुस्त करून देणारे काका होते, आणि लॉकडाऊनमध्ये चौदा घरांच्या दारात भाजी ठेवून बेल न वाजवता निघून जाणारे काका होते. वाचन अर्ध्यावर आलं आणि काकांनी भर स्टेजवर दोनशे लोकांकडे पाठ केली. पाटणकर शाल घेऊन पुढे आले, थबकले, आणि शेवटी त्यांनी ती मागूनच अंगावर घातली. नारळ बगलेखालून द्यावा लागला. त्या रात्री मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर बरीच चर्चा झाली. हा कमिटीचा अपमान आहे असं दोघांनी लिहिलं. पाटणकरांचं तोंड पुढचे दोन महिने पडलेलं होतं.

मी काकांची बाजू घेऊन भांडले. खरं सांगायचं तर मला हे सगळं मजेचं वाटायचं. प्रत्येक मंडळात एक तरी नमुना असतो, आमच्याकडे उत्तम प्रतीचा आहे, एवढाच माझा हिशेब. त्यात कोणाला दुखत असेल हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही, रेवा माझ्याकडे येऊन बसेपर्यंत.

रेवा काकांची एकुलती मुलगी. जन्म इथलाच, जवळच्या ब्रॅकनेलला राहते, तिथेच एका टेक कंपनीत काम करते, आणि नवरा टॉम शाळेत शिक्षक. मीही ब्रॅकनेललाच सॉफ्टवेअर टेस्टर आहे, म्हणून कधीकधी आम्ही दुपारी एकत्र जेवतो. या मेमध्ये तिने सांगितलं, की तिला मेलबर्नमध्ये नोकरी मिळाली आहे, ऑगस्टमध्ये दोघं कायमचे जाणार. मी अभिनंदन केलं. ती डब्यातली भेंडी काट्याने इकडची तिकडे करत राहिली.

"मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले गुड, आणि टर्न होऊन सिंकमध्ये कप धुवायला लागले. ऑलरेडी क्लीन होता तो कप."

मी म्हणाले, अगं, काका तसेच आहेत.

"आय नो. सगळे हेच म्हणतात, काका तसेच आहेत. पण ते माझे बाबा आहेत ना. माझ्या लग्नात, पाठवणीच्या वेळी, सगळे रडत होते. टॉमची आई पण रडत होती, तिला तर पाठवणी म्हणजे काय ते पण माहीत नव्हता. आणि बाबा अॅपल ट्रीकडे तोंड करून उभे. मी कारमध्ये बसेपर्यंत एकदा पण वळले नाहीत." तिने काटा खाली ठेवला. "मला वाटतं त्यांना टॉम आवडला नाही, किंवा मी. आता मी एवढी लांब जाते, आणि मला अजून माहीत नाही."

स्वयंपाकघरातल्या आरशाला ती लहानपणापासून सीसीटीव्ही म्हणत आली होती. तिच्या मते तो होमवर्क तपासायला होता. आणि दर दुसऱ्या रविवारी तिच्या दारात डबा असतो, हेही तिनेच सांगितलं. घावणे, काळ्या वाटाण्याचं सांबार, बाटलीत सोलकढी. काका रीडिंगहून ट्रेनने येतात, डबा ठेवतात, बेल न वाजवता जातात. "लाइक अ कुरिअर," रेवा म्हणाली. ते भाषणाचं शेवटचं वाक्य मला तेव्हा आठवायला हवं होतं. अकरा वेळा ऐकलं होतं मी ते. चुका शोधून पोट भरणारी बाई मी, पण त्या दुपारी मला भेंडीच दिसत होती.

जुलैच्या शेवटी मंडळाने रेवा आणि टॉमसाठी निरोपाचं जेवण ठेवलं आणि स्लाइडशो करायचं काम माझ्याकडे आलं. फोटो जमवायला सुरुवात केली. लग्न काकांच्याच मागच्या बागेत झालं होतं, नऊ वर्षांपूर्वी. लग्नाच्या अल्बममध्ये काका एकूण एकोणीस फोटोंत होते आणि एकोणीसही पाठी होत्या. म्हणून मी टॉमच्या मावशीला ईमेल केला. या बाई तेव्हा गर्दी टाळून बागेच्या टोकाला, सफरचंदाच्या झाडापलीकडे जाऊन बसल्या होत्या आणि तिथून फोटो काढत होत्या. त्यांनी तीस-एक फोटो पाठवले. मी एकेक उघडत गेले.

एकविसाव्या फोटोत केळुसकरकाका समोरून होते.

लांब मागे, बागेच्या फाटकाशी, सगळा घोळका आणि त्यात लाल शालूतली रेवा, टॉमच्या हातात हात, जायला वळलेली. आणि पुढे, झाडाजवळ, सगळ्यांकडे पाठ करून काका. त्यांचा उजवा हात छातीपाशी वर धरलेला होता आणि हातात एक उघडलेली गोल डबी होती. बायकांच्या पर्समध्ये असते तसली, झाकणात आरसा असलेली पावडरची डबी. काका त्या आरशात बघत होते. चेहरा इतका भिजलेला होता, की चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला होता, आणि तो सावरायचंही त्यांना भान नव्हतं.

मी लॅपटॉप उचलून तशीच शेजारी गेले. काका तळ्यावर गेले होते. काकूंनी चष्मा लावून फोटो पाहिला.

"ही माझी डबी," त्या म्हणाल्या. "कितीदा मागितली, देत नाहीत."

मी विचारलं, काकू, तुम्हाला हे माहीत होतं?

"म्हणजे काय. तिच्या नर्सरीच्या पहिल्या दिवशी नेली ती डबी. तिला लीड्सला युनिव्हर्सिटीत सोडायला गेलो तेव्हाही तेच. ती बिचारी मागे हात हलवतेय आणि हे पार्किंगच्या भिंतीकडे तोंड करून. ती दिसेनाशी होईपर्यंत आरशात बघत होते. समोरून बघवत नाही त्यांना." मग माझ्या तोंडाकडे पाहून त्या थांबल्या. "रेवाला माहीत आहे ना? मला वाटलं सगळ्यांना माहीत आहे."

कोणालाच माहीत नव्हतं. आमच्या माणसांचं हे असंच असतं, घरातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बाकीच्यांना माहीत असेलच असं धरून प्रत्येक जण गप्प बसतो.

तो फोटो मी स्लाइडशोमध्ये घातला नाही. शंभर माणसांसमोर पडद्यावर तो चेहरा लावला असता तर काका परत कधी घराबाहेर पडले नसते, आणि त्यांचं बरोबर असतं. तीन उन्हाळे थांबून दिसायची गोष्ट होती ती. मी तो फक्त रेवाला पाठवला आणि खाली काकूंनी सांगितलेलं नर्सरीचं आणि लीड्सचं लिहिलं. वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, "बाबांना सांगू नको मी बघितला." मी सांगितलं नाही. निरोपाच्या जेवणाला काकांनी दहा मिनिटं मागून घेतली आणि कर्ण्याचा परिचय करून दिला. शेवटच्या वाक्याला ते थांबले तेव्हा पहिल्यांदाच कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण रेवाने शेजारच्या पाटणकरांचा हात धरून ठेवला होता.

निघायचा दिवस गुरुवार होता. आदल्या रात्री ती दोघं काकांकडेच राहिली होती. सकाळी साडेआठला हीथ्रोची टॅक्सी दाराशी आली, आमच्याकडे रीसायकलिंगच्या बिन्स उचलायची गाडीही त्याच वेळी येते. मी ऑफिसला उशिरा येते म्हणून कळवलं आणि कुंपणाशी जाऊन उभी राहिले. बॅगा डिकीत गेल्या. एक डबा सीटवर ठेवला गेला, विमानात चालत नाही असं टॉम सांगत होता, पण टॅक्सीत तर चालेल असं काकूंनी ठरवलं. रेवा आईला भेटली. मग ती काकांकडे वळली आणि काका, आम्ही सगळे धरूनच चाललो होतो तसे, फाटकाजवळच्या हेजच्या झुडपांकडे तोंड करून उभे राहिले. उजवा हात छातीपाशी गेला.

नऊ वर्षांपूर्वी रेवा इथून सरळ गाडीत जाऊन बसली होती. या वेळी ती हळूहळू चालत त्यांच्या मागे गेली आणि एका हाताच्या अंतरावर थांबली. तिने त्यांना हाक मारली नाही, खांद्याला हात लावला नाही, वळा म्हणाली नाही. जंगलात वागावं तशी वागली.

"बाबा," ती म्हणाली, "आरसा थोडा वर धरा ना. मला तुमचा चेहरा दिसत नाही."

काकांची पाठ एकदम ताठ झाली. मला वाटलं, झालं, डबी बंद होणार, काका आत जाणार आणि कप धुवायला लागणार. टॅक्सीवाला घड्याळ बघत होता. काकूंनी कुंपणाशी येऊन माझा हात घट्ट पकडला होता. मग काकांचा हात थोडा वर गेला, आणखी थोडा, आणि खांद्याच्या वर आला.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता दिसता," रेवा म्हणाली.

त्या आरशात तिला काय दिसलं ते मला माहीत नाही. मी आणि काकू आधीच त्यांच्याकडे पाठ करून आमच्या बिन्सकडे बघत उभ्या होतो. काकू रडत होत्या, मीही रडत होते. बिन्सवाला आमच्याकडे बघून गुड मॉर्निंग म्हणाला आणि मी त्यालाही पाठच दाखवली असती, पण मग तोंड काका आणि रेवाकडे झालं असतं, म्हणून तशीच उभी राहिले.